जॅकेटच्या बदल्यात 40 फोटो?

प्रश्न: मी 29 वर्षांचा आहे, नोकरी करतो. गेली 6 वर्षं मिळेल ती सुट्टी डोंगरात घालवतोय. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा, 24–105 मिलिमीटरची लेन्स आणि एक जुनी 70–300 एवढंच सामान आहे. दोन फोटो मासिकांत छापून आले, पैसे मिळाले नाहीत. आता गिर्यारोहणाचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीने माझे 40 फोटो मागितलेत. मोबदला म्हणजे एक जॅकेट आणि फोटोखाली नाव. कराराचा मसुदा सोबत जोडतोय, आठवड्यात उत्तर द्यायचं आहे. दोन महिन्यांनी मित्रांबरोबर 14 दिवसांच्या ट्रेकला निघतोय, 5,000 मीटरपर्यंत जाऊ. तर कंपनीला हो म्हणू का? नोकरी सोडून डोंगर आणि प्रवासाची फोटोग्राफी हाच व्यवसाय करू का? आणि निघण्याआधी एक चांगली वाइड लेन्स घेऊ का?

उत्तर: मुदत कंपनीची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मसुद्यात एक ओळ आहे: 'सर्व माध्यमांत, सर्व प्रदेशांत, कायमस्वरूपी, सर्व हक्कांसह.' जॅकेट देऊ केलं याचा राग येण्याचं कारण नाही, अडचण या ओळीत आहे. खाली सही केलीत की ते 40 फोटो तुमचे राहणार नाहीत. कंपनी ते पुढे आणखी कुणाला विकू शकेल. तुम्हाला मात्र त्यातला एखादा कॅलेंडरला द्यायचा झाला, तर तिचीच परवानगी काढावी लागेल. फोटोची मालकी वेगळी आणि तो वापरण्याची परवानगी वेगळी. घर विकणं आणि घर भाड्याने देणं यात जेवढं अंतर, तेवढंच इथे. या धंद्यात भाड्याने द्यायचं असतं, आणि भाडेकरूला आपण जे विचारतो तेच ग्राहकाला विचारायचं असतं. फोटो कुठे वापरणार: वेबसाइटवर, दुकानातल्या फलकावर की रस्त्यावरच्या होर्डिंगवर? किती काळ, कोणत्या देशांत? फक्त त्यांनाच द्यायचा की इतरांनाही दिलेला चालेल? कापणार, रंग बदलणार, वर मजकूर टाकणार? या उत्तरांवर एकाच फोटोची किंमत दहा पटींनी वरखाली होते. आतल्या पानावर एकदा छापलेला लहान चौकोन आणि वर्षभर टांगलेलं होर्डिंग यांना एकच दर लावणारा माणूस होर्डिंग फुकट देत असतो.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. हो म्हणायचं ठरवलंत तरी ते फोटो तुम्हाला देता येतील का? 40 पैकी बहुतेकांत तुमचे मित्र आहेत. चेहरा ओळखू येणारा माणूस जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याचं लेखी संमतिपत्र लागतं. मासिकातल्या लेखासोबत बातमी किंवा माहिती म्हणून तोच फोटो छापताना सहसा ते लागत नाही, म्हणून आतापर्यंत घोडं कुठे अडलं नाही. मसुद्याच्या सातव्या कलमात 'सर्व संमती छायाचित्रकाराने घेतलेल्या आहेत' असं लिहिलंय. उद्या एखाद्या मित्राने तक्रार केली, तर ती तुमच्या अंगावर येईल, कंपनीच्या नाही. शिवाय पाठीवरच्या सॅकवर दुसऱ्याच कंपनीचं चिन्ह दिसत असेल तर तो फोटो जाहिरातीतून तसाही बाद होतो. आणि संरक्षित वनात किंवा राष्ट्रीय उद्यानात काढलेल्या फोटोंच्या व्यावसायिक वापरासाठी अनेक ठिकाणी वेगळी परवानगी लागते. ती कुठल्या फोटोंना लागेल हे आधी तपासा.

उत्तर लहान ठेवा, काहीसं असं: 'आपल्याला फोटो आवडले, आनंद वाटला. 40 पैकी 8 फोटो मी आपल्या वेबसाइट आणि समाजमाध्यमांसाठी 12 महिन्यांच्या, अनन्य नसलेल्या परवान्यावर देऊ शकतो. त्यातल्या व्यक्तींची लेखी संमती घेऊन देईन. मालकी हक्क माझ्याकडे राहतील. छापील जाहिरातीसाठी वेगळा दर आहे. आपलं या वर्षाचं बजेट कळवल्यास त्यात बसणारा प्रस्ताव पाठवतो.' जॅकेटचा उल्लेखही करू नका. उत्तर आलं नाही, तर त्यांना फोटो नव्हे, फुकटचे फोटो हवे होते एवढं कळेल. आणि आलं, तर तो तुमचा पहिला गिऱ्हाईक.

दर कसा काढायचा? बहुतेकांची चूक इथेच होते. महिन्याच्या पगाराला 25 ने भागायचं आणि येणारा आकडा दिवसाचा दर म्हणून सांगायचा. म्हणजे वर्षाचे 300 दिवस विकले जातील असं धरलं. प्रत्यक्षात डोंगरातल्या एका दिवसामागे निवड आणि प्रक्रियेचा किमान एक दिवस जातो, पत्रव्यवहार, परवाने आणि हिशेब यात आणखी एखादा, आणि पाऊस-ढगांनी खाल्लेले दिवस वेगळेच. वर्षाला 200 दिवस राबलात तरी बिल लावता येतील असे 60–70 हाती लागतात. तेव्हा वर्षाची गरज 65 ने भागा. पगारावरून काढलेल्या दरापेक्षा हा आकडा साडेचार पटींहून मोठा येतो. तो बघून घाबरायला होतं, पण खरा आकडा तोच. या वर्षाच्या गरजेत घरखर्चाबरोबर कॅमेरा 4–5 वर्षांत आणि लेन्स 8–10 वर्षांत बदलण्याचा हप्ता, विमा, सॉफ्टवेअर आणि डिस्क धरायच्या. कामाचा प्रवास-मुक्काम ग्राहकाच्या खात्यावर, तो वेगळा. प्रवासाचे आणि हवामानामुळे बसून काढलेले दिवस अर्ध्या दराने लावायची पद्धत आहे, ती करारात आधी लिहून घ्या. तंबूत बसून पाऊस मोजल्यावर हा विषय काढणं फार जड जातं. आणि फोटोच्या वापराचं शुल्क दिवसाच्या दरात मिसळू नका, ते वेगळ्या ओळीत लिहा.

आता नोकरी. अमेरिकन छायाचित्रकार गॅलन रॉवेल यांनी 1972 साली आपला मोटार दुरुस्तीचा धंदा विकला आणि पूर्ण वेळ कॅमेरा धरला. 'सगळं सोडून डोंगरात गेला' म्हणून हे उदाहरण नेहमी सांगितलं जातं. त्याचा अर्धा भाग मात्र गाळला जातो: त्याआधी दीड दशक ते कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या कड्यांवर चढत होते. ज्या कड्यावर इतर फोटोग्राफर पोचूच शकत नव्हते तिथे ते घरच्यासारखे वावरत, आणि वजन कमी राहावं म्हणून 35 मिलिमीटरचा लहान कॅमेरा वापरत. धंदा विकला तेव्हा त्यांच्याकडे विकण्याजोगं काहीतरी होतं.

तुमच्याकडे तसं काय आहे, हा खरा प्रश्न. सुंदर शिखराचा सुंदर फोटो हे त्याचं उत्तर होत नाही. तसे फोटो छायाचित्रसंग्रहांत ढिगांनी पडून आहेत आणि प्रत्येक विक्रीमागे मिळणारी रक्कम नगण्य आहे. पैसे मिळतात ते कुणाच्या तरी उपयोगी पडणाऱ्या फोटोला. अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकार ब्रॅडफर्ड वॉशबर्न विमानातून अलास्काच्या पर्वतांचे फोटो काढत. ते देखणे आहेतच, पण त्यातली प्रत्येक धार आणि प्रत्येक हिमभेग इतकी स्वच्छ दिसते की चढाईची वाट फोटोवरूनच आखता येते. डेनाली या तिथल्या सर्वांत उंच शिखराची वेस्ट बट्रेस नावाची वाट त्यांनी स्वतः अशीच आधी फोटोंत हेरली आणि 1951 मध्ये तिथून शिखर गाठलं. आजही बहुतेक गिर्यारोहक त्याच वाटेने चढतात.

हे पगारदार माणसाच्या हिशेबात बसवायचं तर एकच पर्वतरांग निवडा, शक्यतो सर्वांत कमी खर्चात पोचता येईल अशी, आणि दोन वर्षं तिथेच परत परत जा. चारही ऋतूंत, वाईट हवेतही. दर सुट्टीत नवा देश गाठणाऱ्याकडे प्रत्येक ठिकाणचे तेच पाच फोटो असतात, जे पहिल्या दिवशी सगळेच काढतात. एका रांगेत पंधरा वेळा गेलेल्याकडे जुनं आणि नवं हिमनदीचं टोक असतं, वाहून गेलेला पूल आणि त्याजागी आलेला नवा पूल असतो, वणवा लागण्याआधीचा उतार असतो, मेंढपाळ वर जातानाचे आणि खाली येतानाचे दोन्ही फोटो असतात. त्या भागाबद्दल काही छापायचं असलं की संपादकाला तुमचं नाव आठवतं. गिऱ्हाईकंही तिथलीच: मार्गदर्शक, निवारे चालवणारे, पर्यटन खातं, नकाशे आणि मार्गपुस्तिका काढणारे, संशोधक. यांची रक्कम लहान असते, पण ते दर वर्षी परत येतात.

नोकरी सोडण्यासाठी दोन अटी घाला आणि दोन्ही पुऱ्या होईपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नका. एक, सलग 12 महिने फोटोंतून येणारी रक्कम तुमच्या घरखर्चाच्या निम्मी तरी असावी, आणि ती निदान तीन निरनिराळ्या स्रोतांतून यावी: उदाहरणार्थ कामगिऱ्या, परवाने आणि शिकवणी किंवा प्रिंट. एकाच मोठ्या ग्राहकावर उभा असलेला व्यवसाय ही दुसरी नोकरीच, फक्त रजा नसलेली. दोन, 9–12 महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला असावा, कारण मासिकं छापून आल्यावर पैसे देतात आणि 'छापून आल्यावर' म्हणजे कधी कधी पाच महिन्यांनी. तोवर आठवड्याचे चार दिवस नोकरी मिळत असेल तर ती सोन्यासारखी. या व्यवसायातले बरेच जण कार्यशाळा घेऊन, लोकांना फोटो-ट्रेकला नेऊन किंवा लग्नाचे हंगाम करून डोंगराचा खर्च भागवतात. त्यात लाज वाटावं असं काही नाही, मात्र कार्यशाळेच्या दिवशी स्वतःचे फोटो होत नाहीत हे धरून चाला.

संपादकाला लिहिताना 'मी अमुक ठिकाणी जातोय, काही हवं का' असं विचारू नका. ठिकाण म्हणजे गोष्ट नव्हे. 'या खिंडीतला पूल तीन वर्षांत दोनदा वाहून गेला, पलीकडच्या शाळेतली मुलं आता कशी जातात' ही गोष्ट. दीडशे-दोनशे शब्द, सोबत 5–6 फोटो, लांब बाजू 2,000 पिक्सेलच्या आसपास, आणि आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण. पोर्टफोलिओत 20–25 फोटोंच्या वर जाऊ नका. पाहणारा तुम्हाला सगळ्यात कमजोर फोटोवरून जोखतो. त्यात 8–10 फोटोंच्या दोन सलग गोष्टी असाव्यात, निव्वळ निवडक शिखरं नकोत.

वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सचं उत्तर 'नको'. 'दुरून डोंगर साजरे' हे फोटोग्राफरसाठी अक्षरशः खरं आहे. वाइड लेन्समध्ये पायाजवळचा दगड मोठा होतो आणि 6,000 मीटरचं शिखर टेकाडाएवढं दिसतं. समोरच्या उतारावर, शिखराच्या निम्म्या उंचीवर उभं राहून 100–200 मिलिमीटरने घेतलं की तेच शिखर अंगावर येतं, आणि कड्याखालून चालणारा माणूस त्याची खरी मापं सांगतो. तुमची 70–300 याच कामाची आहे. उजेड कमी असताना ती मंद पडेल, तेव्हा ट्रायपॉड लावा. वाइड लेन्सच्या पैशांत 1–1.5 किलोचा कार्बन ट्रायपॉड, चार बॅटऱ्या आणि दोन एसएसडी (फिरते भाग नसलेल्या डिस्क) येतील. कॅमेरा सॅकच्या आत ठेवू नका, छातीवर किंवा खांद्याच्या पट्ट्यावर अडकवा. बाहेर काढायला दोन मिनिटं लागणारा कॅमेरा तिसऱ्या दिवसानंतर बाहेर येतच नाही.

राहिला ट्रेक.

सगळ्यात जास्त घात थंडी करते, आणि तोही बॅटरीतून. लिथियम-आयन बॅटरीतल्या रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात. उणे 20 अंशांना निम्मी क्षमता गेली तरी नवल नाही. चांगली गोष्ट अशी की ती क्षमता नष्ट झालेली नसते: 'संपली' म्हणणारी बॅटरी अंगाजवळ अर्धा तास ठेवली की पुन्हा चालते. म्हणून दोन बॅटऱ्या आतल्या खिशात आणि एक कॅमेऱ्यात असं चक्र ठेवा. रात्री सगळ्या स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. शून्याखाली गेलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावणं मात्र खरोखर वाईट. त्या तापमानाला लिथियम इलेक्ट्रोडच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं. मग क्षमता कायमची घटते, आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका वाढतो. आधी बॅटरी आणि पॉवरबँक दोन्ही तासभर ऊबेत आणा, मगच जोडा. हिशेबही करून निघा: 20,000 एमएएचची पॉवरबँक म्हणजे 74 वॉट-तास. कॅमेऱ्याची मोठी बॅटरी साधारण 16 वॉट-तासांची. रूपांतरात पाव भाग जातो, म्हणजे तीन, फार तर साडेतीन वेळा चार्जिंग. चार दिवस वीज मिळणार नसेल आणि दिवसाला दोन बॅटऱ्या लागत असतील, तर चार बॅटऱ्या आणि दोन पॉवरबँक. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. 100 वॉट-तासांपर्यंत सहसा अडवत नाहीत, 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते.

थंडीचा दुसरा घात परत आत आल्यावर होतो. बाहेर गारठलेला कॅमेरा निवाऱ्यातल्या ऊबदार, दमट खोलीत काढला की त्यावर आणि कधी कधी त्याच्या आतही दंव धरतं. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मग आत या. दंव पिशवीवर धरेल. दीड-दोन तास पिशवी उघडू नका. सकाळी पुन्हा बाहेर जायचंच असेल तर कॅमेरा पिशवीत घालून रात्रभर थंड कोपऱ्यातच राहू द्या, थंडीने त्याचं काही बिघडत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास रोखा, नाहीतर काचेवर बर्फाचा पापुद्रा जमतो. तो तोंडाची वाफ मारून काढायला गेलात की आणखी जमतो.

फायलींबाबत: 24 मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल साधारण 25–30 एमबी. दिवसाला 400 फोटो धरले तर 12 जीबी, 14 दिवसांचे 170 च्या आसपास. दोन एसएसडीवर दोन प्रती, दोन वेगळ्या माणसांच्या सॅकमध्ये. जागा असेल तर कार्ड पुसू नका, तीच तिसरी प्रत. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नेऊ नका. तिचं वाचक टोक हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतं आणि विरळ हवेत ते तबकडीला घासू शकतं. अशा अनेक डिस्कना निर्मातेच साधारण 3,000 मीटरची मर्यादा घालून देतात.

बर्फावर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. तो समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असेल असं धरून चालतो आणि पांढरा बर्फ मळकट करून ठेवतो. उजेड एक ते दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, पहा: आलेखाचा उंचवटा उजव्या कडेला टेकावा, कडेवर चढू नये. पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नका. झगझगीत उन्हात ते नेहमी काळपट दिसतं आणि आपण उगाच उजेड वाढवत जातो. सावलीतला बर्फ निळा दिसेल, कारण त्यावर फक्त आकाशाचा उजेड पडलेला असतो. तो पूर्ण पांढरा करू नका, थंडी त्या निळ्यातच असते. आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर सूर्याशी काटकोनात सर्वांत जास्त चालतो, पण उंचीवर आकाश आधीच गडद असतं. पूर्ण फिरवलात तर ते काळं होतं, आणि 24 मिलिमीटरला त्यात एका बाजूला डाग पडल्यासारखं दिसतं. कडक सीमेचा ग्रॅज्युएटेड (अर्धा गडद, अर्धा पारदर्शक) फिल्टर घरीच ठेवा, डोंगराचं क्षितिज सरळ नसतं. त्याऐवजी ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घ्या आणि नंतर एकत्र जोडा. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, एफ 8 ते 11. एफ 22 ला तीक्ष्णता घटते आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्याठिपक्यांनी दिसू लागते.

उजेडासाठी नुसती सूर्योदयाची वेळ पाहून भागत नाही, कडा कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते नकाशावर पहा. उत्तर गोलार्धातला उत्तराभिमुख कडा हिवाळ्यात ऊन पाहतच नाही. मार्च ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, तेव्हा सकाळी-संध्याकाळी थोडा वेळ त्यावर तिरपं ऊन घासून जातं. दरीच्या तळाशी मुक्काम असेल तर पंचांगातला सूर्योदय तिथे दोन-तीन तास उशिरा पोचतो, शिखरावर मात्र वेळेवर. संध्याकाळी शिखरावरचं ऊन गेलं की सगळे सामान आवरतात. तुम्ही आणखी 15–20 मिनिटं थांबा. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर विरुद्ध बाजूच्या बर्फावर कधी कधी पुन्हा गुलाबी झाक येते. रात्री ताऱ्यांचे ठिपकेच राहावेत यासाठी 500 भागिले लेन्सची फोकल लांबी (तिचे मिलिमीटर), इतके सेकंद शटर उघडं ठेवायचं हा जुना आडाखा. 24 मेगापिक्सेलला 500 ऐवजी 300 ने मोजा: 24 मिलिमीटरला 12 सेकंद. वाऱ्यात ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका आणि त्याला टांगलेली सॅक जमिनीला टेकू द्या. झोके घेणारी सॅक ट्रायपॉडलाच हलवते.

फोटोग्राफरला उंची इतरांपेक्षा जास्त बाधते. हवेत काही वेगळं नसतं, सवयी वेगळ्या असतात: मित्र पुढे येताना टिपायचे म्हणून धावत पुढे जायचं, मागे राहून पुन्हा धावत गाठायचं. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करा. पहाटेच्या फोटोसाठी 300 मीटर वर जाऊन परत खाली झोपायला येणं चालतं. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर वर चढायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं, समोर कितीही ऊन पडलेलं असो. दोराला बांधलेलं असताना कॅमेऱ्यालाही दोरी हवी. खाली माणसं असताना हातातून सुटलेली लेन्स म्हणजे दगडच. वरून लटकून चढणाऱ्यांचे फोटो घेण्याचा मोह या ट्रेकला आवरा. त्यासाठी वेगळा स्थिर दोर, दोन स्वतंत्र अँकर (दोर बांधायचे पक्के आधार), कड्याच्या धारेवर दोराला आवरण आणि जुमारचा, म्हणजे दोरावरून वर चढायच्या पकडीचा, सराव लागतो, तो आधी खाली सुरक्षित जागी शिकायचा. विमा काढताना बचावाचा खर्च किती मीटरपर्यंत मिळतो ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत असते. मोबदल्यासाठी वापरलेला कॅमेरा घरगुती विम्यात बहुधा धरत नाहीत.

काय टिपायचं? कंपनीला, मासिकाला, मार्गदर्शकाला, कुणालाही पुढे देता येईल असं. प्रत्येक मुक्कामी एक दूरचं दृश्य, एक माणूस कामात, एक हातांचा किंवा वस्तूचा जवळून, एक वाट दाखवणारा. उभे फोटो विसरू नका, मुखपृष्ठ उभं असतं, आणि वरच्या तिसऱ्या भागात मासिकाच्या नावासाठी मोकळं आकाश ठेवा. आडव्या फोटोत माणूस बरोबर मध्ये आला की दोन पानांच्या घडीत जातो. तंबू उभारताना पावसात भिजलेले, वैतागलेले चेहरे घ्या. अशा वेळी बाकीचे कॅमेरे आत असतात, म्हणून ते फोटो दुर्मिळ.

रोज रात्री दहा मिनिटं वहीत लिहा: ठिकाण, उंची, शिखराचं नाव, माणसांची नावं. पेन्सिलने, कारण गारठ्यात पेन चालेल याचा भरवसा नाही. शिखराचं नाव चुकलं की संपादक दुसऱ्यांदा विचारत नाही. नकाशावर कंपासने दिशा घेऊन खात्री करा, सोबत्याच्या 'तेच असेल'वर जाऊ नका. निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी सेकंदापर्यंत जुळवा, म्हणजे जीपीएसच्या नोंदीवरून प्रत्येक फोटोचं ठिकाण नंतर लावता येईल. परत आल्यावर ही सगळी माहिती मथळ्यासह फाइलच्या आतच भरा. एखादं दुर्मिळ फूल, पक्ष्याचं घरटं किंवा गर्दीने खराब होईल अशी जागा असेल तर जाहीर करताना नेमकं ठिकाण काढून टाका.

आणि संमतिपत्रं. एकेका मित्रासाठी एक छापील पान: नाव, तारीख, 'जाहिरातीसह वापरास संमती', सही. मित्राला त्यातून काय मिळणार तेही त्यावरच लिहा, चार चांगले फोटो असले तरी चालेल. चौदाव्या दिवशी थकलेल्या माणसाकडून सही घेणं बरं दिसत नाही, आणि घरी गेल्यावर दोघे तरी फोन उचलत नाहीत. पहिल्या दिवशी, गाडीत सामान चढायच्या आत सह्या घ्या.